मानवेलाचा तीरकामठा: माळ, काळी, डोंगर आणि ओढ्यातली तिरंदाजी

किनवट-माहूरच्या गोंड-कोलामांना तीरकामठा नवा नाही. शिकार मात्र थांबली आहे आणि ती थांबलेलीच राहिली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. पिकात रोही (नीलगाय) शिरला किंवा रानडुकराने हरभरा उधळला, तरी आपण बाण सोडायचा नाही, वनखात्याकडे जायचं. गौताळा, येडशी, नायगाव, पैनगंगा अशा अभयारण्यांत तर परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायचंच नाही. पण जुन्या शिकाऱ्यांची खरी विद्या, म्हणजे जमीन वाचणं, अंतर ओळखणं आणि एकच बाण नीट सोडणं, ती पोत्याच्या निशाणावर पूर्ण शिकता येते.

बांबू

मानवेल घ्या, कटांग नको. कटांग पोकळ असतो. मानवेलाची भिंत जाड, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. किमान तीन वर्षांचा, ५-६ सेंमी जाडीचा, सरळ बांबू नोव्हेंबर ते जानेवारीत तोडलेला असावा. ज्या बांबूत पिष्ट जास्त राहतं, त्याला भुंगा लवकर लागतो आणि आतून पिठी गळू लागते. जंगलातून तोडू नका. शेताच्या बांधावरचा घ्या किंवा बुरडाकडून आणा, आणि कधी तोडला ते विचारून घ्या.

मधोमध उभा चिरून त्याच्या १६५ सेंमी लांबीच्या पट्ट्या सावलीत आडव्या ठेवून दोन-तीन महिने वाळवा. पत्र्यावर किंवा उन्हात घाई केली तर पट्टी सगळीकडे सारखी आकसत नाही आणि तडकते.

कामठा घडवणं

साल निशाणाकडे, गर आपल्याकडे. बांबूचे सगळ्यात चिवट तंतू सालीलगत असतात आणि ओढताना ताण तिथेच येतो, म्हणून सालीला पटाशी, विळा, काचकागद काहीही लावायचं नाही. गाठीची धार तेवढी हलक्या हाताने बोथट करा. सगळं तासकाम आतल्या बाजूने.

मुठीपाशी रुंदी ४ सेंमी ठेवा, मुठीचा १० सेंमी भाग न वाकणारा राहू द्या, आणि तिथून टोकांकडे उतरत १.५ सेंमीवर आणा. टोकापासून २ सेंमीवर दोन्ही कडांना तिरप्या खाचा घ्या, सालीवरून आडवी खाच नको.

आता खरं काम. भिंतीत खुंटी मारून कामठा मुठीवर आडवा टेकवा, सैल दोरी लावा आणि ती कप्पीतून खाली ओढून लांबून पाहा. कामठ्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे भाग, सारखे वाकले पाहिजेत. जो भाग सरळ राहतो तिथेच खरवडा, जो जास्त वाकतो त्याला हात लावू नका. दर वेळी दहा-बारा फटके खरवडा, मग तीसेक वेळा थोडं थोडं ओढा आणि पुन्हा पाहा, कारण खरवडल्याचा परिणाम ओढल्याशिवाय दिसत नाही. गाठीपाशी बांबू मुळातच ताठ असतो. तिथे सपाट करायच्या नादात शेजारचं पेर पातळ होतं आणि नेमका तिथेच कामठा मोडतो. कितीतरी कामठे या एका चुकीने जातात.

कप्पीच्या दोरीला वजनकाटा अडकवा. नवशिक्याला ११ ते १४ किलो, म्हणजे २५ ते ३० पौंड, पुरे. ठरवलेल्या वजनापुढे एकदाही ओढू नका, मग दोरी अजून पूर्ण ओढीपर्यंत, म्हणजे ६६ सेंमीपर्यंत, आलेली नसली तरी चालेल. आधी खरवडा, मग पुढे ओढा. पूर्ण झाल्यावर आतली बाजू निखाऱ्यांच्या वीतभर वर फिरवत तांबूस होईपर्यंत शेका. कामठा ताठ होतो, वाकण कमी धरतो. साल शेकू नका.

दोरी

अंबाडीचा वाख उत्तम. दोन पदरांची, उलट पिळाची, ३-४ मिमी जाडीची दोरी वळून मधमाशीचं मेण चोळा. ती ओढीच्या चौपट वजन तरी पेलणारी हवी. ५० किलोचं सिमेंटचं पोतं आणि वर सहा-सात किलोंचं ओझं टांगून पाहा, त्यात एक पदर जरी करकरला तरी ती दोरी बाद. चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत अंगठा उभा केलेल्या मुठीएवढं, साधारण १५-१६ सेंमी अंतर राहावं. कमी राहिलं तर दोरी मनगटावर बसते. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. जो जोर बाण घेऊन जातो तो कामठ्यात फिरतो आणि टोक उडतं.

बाण

बांबूचे, ८ मिमी जाडीचे, ७५ सेंमी लांबीचे, टोकासकट २०-२४ ग्रॅमचे. एका संचातल्या बाणांत दोन ग्रॅमहून जास्त फरक नको. मागची खाच गाठीच्या लगेच मागे घ्या, म्हणजे चीर गाठीपाशी अडते. वर दोरा घट्ट गुंडाळा. पिसं टर्कीची किंवा बदकाची, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. डावी-उजवी मिसळली की बाण डोलत जातो. कोंबडीचं पीस मऊ पडतं.

निशाण

खताच्या पोत्यात जुन्या साड्या, चिंध्या ठासून भरा. सोयाबीनच्या भुसकटातून बाण आरपार जातो, तुराटी आणि पऱ्हाटीवर आपटून तो फुटतो. मागे मातीचा उंच बांध किंवा चढ असलाच पाहिजे.

चार रानं

सगळा खेळ अंतराचा. या कामठ्याचा बाण सेकंदाला ४० मीटरच्या आसपास जातो. २० मीटर समजून सोडला आणि निशाण २५ वर निघालं, तर तो जवळजवळ ४० सेंमी खाली लागतो. म्हणून आधी मनात आकडा ठरवा, मग बाण सोडा, मग पावलं मोजा. हा क्रम मोडला तर वर्षभर बाण सोडूनही नजर तयार होत नाही.

माळरानावर मध्ये झाड ना झुडूप, त्यामुळे लख्ख उन्हात निशाण आहे त्यापेक्षा जवळ वाटतं. डोळा आधी १० मीटरच्या एखाद्या दगडावर ठेवा, तेवढंच अंतर पुढे पुढे टाकत न्या. आडवा वारा हलक्या बाणाला सहज ढकलतो. १५ मीटरच्या आत राहा.

काळ्या रानात ज्वारी निघाल्यानंतर मिरगापर्यंत जागा मोकळी मिळते. हुकलेला बाण सपाट जाऊन ढेकळांखाली किंवा भेगेत शिरतो. पिसं भगवी किंवा पिवळी रंगवा आणि बाण शिरला त्याच दिशेने मागे ओढा, आडवा उपसला तर मोडतो.

बालाघाटाच्या उतारावर वर किंवा खाली मारताना बाणाचा हिशेब आडव्या अंतराचा असतो. ३० अंशांच्या चढावर २० मीटरवरचं निशाण १७ मीटरचं धरून मारा. हात वरखाली करू नका, कमरेतून वाका. खांदे आणि हात यांचा कोन बदलला की ओढ कमी भरते. निशाणामागे बसाल्टचा खडक असेल तर जागा बदला. बाण फुटतो किंवा उलट येतो.

ओढ्यात दोन फसगती एकाच जागी भेटतात. घळीपलीकडचं निशाण जवळ वाटतं, वेड्या बाभळीच्या सावलीतल्या बोळातलं लांब. बाण वरून वळत जातो, म्हणून निशाण दिसत असलं तरी मधल्या वाटेत, डोळ्याच्या रेषेच्या वर, फांदी आहे का ते बघा.

कुठल्याही रानात शेळ्या किंवा गुराखी दिसले की दोरी सैल करा आणि बाण भात्यात ठेवा. दर फेरीनंतर प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलका वाकवा. करकर आली तर तो तिथेच मोडून टाका, कारण चिरलेला बाण सुटताना फुटला की त्याची फाक थेट कामठा धरलेल्या हातात शिरते.