नळ, बाळ, फोन, बेल आणि दोरीवरचे कपडे: ही क्विझ घरी नीट कशी खेळायची

ही क्विझ तुमच्या फॅमिली ग्रुपवर पण आलीच असेल, वर्षातून दोनदा तरी फिरते. तुम्ही घरात एकटे आहात आणि एकदम पाच गोष्टी होतात: फोन वाजतोय, बाळ रडतंय, दाराची बेल वाजतेय, बाहेर दोरीवर कपडे आहेत आणि पाऊस सुरू झालाय, आणि किचनमधला नळ चालू राहिलाय. आधी कशाकडे धावाल, मग कशाकडे, असा पाचांचा क्रम लावायचा. खाली अर्थ दिलेले असतात. फोन म्हणजे करिअर, बाळ म्हणजे कुटुंब, बेल म्हणजे मित्रमंडळी, कपडे म्हणजे प्रेमजीवन (काही फॉरवर्डांत याहून धीट शब्द असतो, सासूबाई शेजारी असतील तर आधी मनात वाचून घ्या) आणि नळ म्हणजे पैसा.

बहुतेक लोक पाच सेकंदात मनातल्या मनात उत्तर देतात, "अगदी बरोबर!!" टाइप करतात आणि पुढे ढकलतात. मी पण तेच करायचो. मग मागच्या जुलैत एका रविवारी, आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, पाऊस असा की बाहेर पडायची सोय नाही, पोहे खाऊन झालेले, लाईट गेलेली, तर मुलीने ही क्विझ काढली आणि आई, बाबा, आत्या, बायको, मुलगी आणि मी असे सहा जण तासभर त्यातच अडकलो. भांडण पण झालं थोडं. त्यातून खेळायची एक पद्धत बसली, ती सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मोबाईल एकाकडेच ठेवा आणि बाकीच्यांना कागद-पेन द्या, हो, कागदच. तोंडी विचारलं की पहिला बोलतो त्याच्यामागे सगळे जातात, आमच्याकडे तर बाबा बोलले की आत्या "माझं पण तेच" म्हणून मोकळी होते. प्रत्येकाने आपापला क्रम लिहायचा, दोन मिनिटं पुरे, जास्त वेळ दिला की लोक चांगलं दिसेल असं उत्तर शोधायला लागतात. अर्थ कोणी आधी वाचायचे नाहीत. ज्याला आधीच माहीत आहेत त्याला मोबाईल धरून बसवा, तो परीक्षक.

आता खरी गंमत, जी फॉरवर्डात नसतेच. प्रत्येक नंबरासमोर एक ओळ कारण लिहायचं. का? बस, एवढंच. हे करायला लोक कुरकुर करतात, "त्यात काय कारण, सुचलं ते लिहिलं", पण सोडू नका, कारण अख्ख्या क्विझमध्ये कामाची चीज हीच आहे, अर्थबिर्थ नंतर.

आईने नळ पहिला लिहिला. ठरलेल्या अर्थाप्रमाणे म्हणजे ती पैशाची लोभी. आता इंदूरच्या कोणत्याही घरात विचारा, नळाला नर्मदा येते एक दिवसाआड, तिकडे नदीकाठच्या जलूदहून साधारण 70 किलोमीटरवरून पंप करून चढवत आणलेलं पाणी, आणि आई लग्न होऊन इथे आली 1978 ला, त्याच साली नर्मदा शहरात पोचली, त्याआधीच्या टंचाईच्या गोष्टी तिने सासूबाईंकडून रोज ऐकल्यात. तिच्या कागदावर कारण होतं, "नर्मदेचं पाणी वाहून घालवत नाहीत." आणि बाळ दुसरं का, तर म्हणाली रडतंय म्हणजे बरं आहे, गप्प झालं तर धावायचं.

बाबांचा तर प्रश्नावरच आक्षेप. बेल वाजतेय म्हणजे कोण आहे, पाहुणा की कचरा गाडी? पाहुणा असेल तर थांबेल, गाडी गेली तर ओला कचरा उद्यापर्यंत घरात. शहराचा 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर येऊन राहिलाय तो काय असाच, असं त्यांनी दहा मिनिटं ऐकवलं आणि बेल एक नंबरवर ठेवली. म्हणजे त्यांच्या कागदावर मित्रमंडळी पहिली आली, आणि ह्या माणसाला रिटायर झाल्यापासून मित्राकडे जा म्हणून ढकलावं लागतं. आत्याने फोन शेवटचा लिहिला, "उचलला की अर्धा तास जातो."

आणि बायकोने कपडे पहिले लिहिले होते. मुलीने अर्थ वाचला, आत्या खोकली, मुलगी खी खी करून हसायला लागली आणि मी, खोटं कशाला बोलू, जरा छाती फुगवून बसलो. मग मुलीने कारण वाचलं. "कारण मीच धुतलेत, भिजले तर मीच परत धुणार." त्यानंतर कोणी काही बोललं नाही, बाबांना एकदम जिरावनचा, म्हणजे पोह्यांवर घालायच्या मसाल्याचा, डबा उघडून बघावासा वाटला, मी खिडकीतून दोरीकडे बघितलं तर तिथे माझे दोन शर्ट मस्त भिजत होते.

म्हणून म्हणतो, क्रम आणि अर्थ हे हसायला, कारण हे ठेवून घ्यायला.

अर्थ वाचताना एक प्रयोग जरूर करा. एकाचा अर्थ दुसऱ्याला त्याचा म्हणून वाचून दाखवा, चेहरा सरळ ठेवून. आम्ही आत्याचा निकाल बाबांना ऐकवला, बाबांनी मान डोलावली, "हे मात्र खरं आहे हो." अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या वर्गात हेच केलं होतं, 39 विद्यार्थ्यांना टेस्ट दिली आणि नंतर प्रत्येकाला तुझा खास निकाल म्हणून एक कागद दिला, किती जुळतं ते 5 पैकी मार्क देऊन सांगा म्हणाले, सरासरी आली 4.26. कागद सगळ्यांना सेमच होता, त्यातली वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली. तुम्हाला लोकांनी मानावं असं वाटतं पण तुम्ही स्वतःवरच टीका करता, या छापाची. कोणाला नाही वाटत? पुढे 1956 मध्ये पॉल मील या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी याला सर्कसवाल्या बार्नमचं नाव दिलं, बार्नम इफेक्ट. तेव्हा निकाल वाचून "अय्या किती खरं" वाटलं तर वाटू द्या, पण त्यावरून नोकरी सोडू नका. आणि स्थळ बघताना तर अजिबात ही क्विझ काढू नका, तिथे आधीच 36 गुण मोजायला बसलेली माणसं कमी नाहीत.

मग खेळायचंच कशाला? कारण क्रम लावायला लावणं ही चीज भारी आहे. तुम्ही कोणालाही सुटं सुटं विचारा, कुटुंब महत्त्वाचं का, हो, तब्येत, हो, पैसा, हो, मित्र, हो, सगळंच महत्त्वाचं, काहीच कळत नाही. एक वर ठेवायला दुसरं खाली सरकवावं लागलं की माणूस अडतो आणि विचार करतो. मिल्टन रोकीच नावाच्या अभ्यासकाची एक गाजलेली पद्धत हीच आहे, 18-18 मूल्यांच्या दोन याद्या आणि लोकांनी फक्त क्रम लावायचा. तिथे मामला गंभीर आहे, आपला नळाचा आहे, युक्ती तीच.

तर हसून झालं की दुसरा राऊंड स्वतःच्या पाच गोष्टींचा खेळा. इथे एक नियम कडक पाळा, मोठे शब्द लिहायचे नाहीत. "कुटुंब", "आरोग्य", "समाधान" असं लिहिलं की सगळ्यांचा कागद सारखा निघतो आणि सगळे थोर निघतात. तुमच्या घरात खरंच एकत्र येऊन आदळतात अशी पाच कामं लिहा. माझी होती: रविवार सकाळ, ऑफिसच्या ग्रुपवर मला टॅग केलंय, बाबांची बीपीची गोळी आज संपणार आहे, मुलीला दहा वाजता स्पर्धेला सोडायचंय, मित्राचा फोन की छप्पनवर (आमची छप्पन दुकान ही खाऊगल्ली) ये भिया किती दिवस झाले, आणि मला झोप पूर्ण करायची आहे. लावा क्रम. नळ-बाळ पटकन लागलं होतं, इथे मी सहा-सात मिनिटं पेन चावत बसलो. अडलो कुठे तर मित्र आणि ऑफिसमध्ये. मी ऑफिस वर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ज्या दोन गोष्टींत खाडाखोड होते त्यांच्याखाली रेघ मारून ठेवा, तुमचा प्रश्न तिथे आहे, पहिल्या नंबरात नाही. पहिला नंबर बहुतेक सगळ्यांचा ठरलेलाच असतो.

यानंतर जरा कडू डोस आहे, एकट्याने घ्या, सगळ्यांसमोर नको. मोबाईल उघडा आणि दोन ठिकाणी जा, मागच्या सात दिवसांचा स्क्रीन टाइम आणि यूपीआयची हिस्ट्री. ज्यांच्याकडे यूपीआय नाही त्यांनी पासबुक. एका बाजूला तुमचा क्रम ठेवा, दुसऱ्या बाजूला वेळ आणि पैसा खरं कुठे गेला ते. मी पहिल्या राऊंडला फोन शेवटचा लिहिला होता, कारण झोकात लिहिलेलं, "फोन काय, परत करता येतो." स्क्रीन टाइम रोजचा सरासरी 4 तास 12 मिनिटं. झोप-तब्येत मी दुसऱ्या नंबरवर ठेवली होती, आणि यूपीआयमध्ये रात्री अकरानंतरच्या चार एन्ट्री, चारही सराफ्यातल्या, म्हणजे रात्री तिथे भरणाऱ्या खाण्याच्या बाजारातल्या, पावसाळ्यात भुट्टे का कीस, किसलेल्या मक्याचा तो पदार्थ, सोडवत नाही त्याला मी तरी काय करू. स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत हं इथे, कधी कधी हिशोबच बरोबर असतो आणि क्रम आपण लोकांना दाखवायला लिहिलेला असतो, मग क्रम बदला. सराफा मी यादीत घालून टाकला, चौथ्या नंबरवर, आता निदान खोटं तरी नाही.

शेवटी एक बदल निवडा. एकच, आणि वार-वेळ घालून लिहा, "फोन कमी करणार" असलं काही नाही. आम्ही ठरवलं, पावसाचा पहिला थेंब ज्याला ऐकू येईल त्याने दोरीकडे धावायचं, हातात काही का असेना. आणि मी माझं वेगळं लिहिलं, रात्री 8 ते 9 फोन फ्रिजवर. कपड्यांचं टिकलंय, बाबा पण धावतात, कपड्यांच्या घड्या मात्र अशा घालतात की बायको परत उलगडते. फ्रिजचं चार दिवस टिकलं.

एक सावधगिरीची गोष्ट राहिली. ही नळ-बाळवाली क्विझ नुसता मजकूर आहे, तिला तुमच्याकडून काही नको. पण "तुम्ही कोणता प्राणी आहात" म्हणत लिंक येते आणि फेसबुकने लॉगिन करा, कॉन्टॅक्ट्सची परवानगी द्या, जन्मतारीख टाका म्हणते, ती सरळ बंद करा. फेसबुकवरच्या लोकांचा डेटा राजकीय प्रचारासाठी उचलल्याचं केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं प्रकरण 2018 मध्ये उघड झालं ते अशाच पर्सनॅलिटी क्विझच्या ॲपमुळे. भारतात ते ॲप घेतलेले लोक फक्त 335 होते आणि फेसबुकच्याच सांगण्याप्रमाणे त्यांच्या मित्रयाद्यांमधून डेटा गेलेला असू शकतो असे साधारण 5 लाख 62 हजार. म्हणजे तुम्ही कोणता प्राणी ते कळेपर्यंत तुमची मावशी, मावशीची नणंद सगळे गेले. पहिलं पाळीव जनावर कोणतं, शाळेचं नाव काय, हे विचारणाऱ्या क्विझ तर नकोच, बँकेचे सिक्युरिटी प्रश्न पण तेच असतात.

कागद फेकू नका, तारीख घालून ठेवा. आम्ही घडी करून वाण्याच्या बिलांच्या डब्यात टाकले होते आणि संक्रांतीला सगळे जमले तेव्हा परत खेळलो, जुने कागद न बघता. उत्तरं बदलतात, दोन्ही कागद शेजारी ठेवले की कारणं वाचायला मजा येते. मुलीने बाळ पाचवं टाकलं, कारण लिहिलं, "बाळाची आई कुठे आहे?" आईचा नळ अजून पहिलाच आहे. आत्याने यावेळी फोन एक नंबरवर लिहिला. बाबा म्हणाले अगं, मागे तर शेवटचा लिहिला होतास, तर म्हणाली, "तेव्हा पुष्कळ जण करायचे."