प्रयोगाचा हिशेब, युनिटांत आणि लिटरांत

मी पुण्यातल्या हौशी नाट्यसंस्थांचं नेपथ्य करते. ‘हवामानबदलावर काहीतरी करायचंय’ म्हणत तरुण मंडळी येतात, ती हातात संहिता घेऊनच. मी आधी त्यांच्याकडे चालू नाटकाच्या विजेचा, डिझेलचा आणि सामानाचा हिशेब मागते.

वीज सोपी आहे. जुना हॅलोजन पार, म्हणजे रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा, १००० वॉटचा. असे बारा पार दोन तास पूर्ण उजेडात चालले की २४ युनिटं. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे १७ किलो. १५० वॉटचे एलईडी पार लावले तर तेवढ्याच वेळात साडेतीन युनिटं. प्रकाशयोजनाकार कुरकुरेल, कारण स्वस्त एलईडी मंद करताना झटके खातो. त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून चेहऱ्यांवर हॅलोजन राहू द्या, रंग तेवढे एलईडीवर घ्या. नाहीतरी गडद निळ्या जिलेटीनमागे (दिव्यापुढच्या रंगीत पारदर्शक कागदामागे) हॅलोजनचा बहुतेक उजेड वायाच जातो.

आता टेम्पो. मुंबईला जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, लिटरला १२ पडले तर २५ लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलोच्या हिशेबाने ६७ किलो! सगळ्या दिव्यांच्या चौपट. तेव्हा मुंबईचे दोन प्रयोग लागोपाठच्या दिवशी लावा, किंवा नटांच्या सामानाबरोबर रेल्वेने जाईल एवढंच नेपथ्य करा. मला स्वतःला दुसरा मार्ग जास्त आवडतो. दिग्दर्शकांना सहसा नाही.

फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी, खिळ्यांनी ठोकू नका, नट-बोल्टने जोडा. वर मांजरपाट ताणून रंगवा. पुढच्या नाटकाला त्यावरच नवा रंग. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तरी कोणीतरी आणतंच. खुर्च्या-कंदील जुन्या बाजारात मिळतात. पाडलेल्या वाड्याचा अस्सल सागवानी दरवाजा मात्र मोहात पडून उचलू नका, कंबर जाईल. तीन-चार संस्थांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी, लेव्हल (रंगमंचावरचे उंचवटे) आणि ठोकळे सामायिक ठेवावेत. कोणी काय नेलं ते लिहून ठेवा, नाहीतर भांडणं ठरलेली.

फ्लेक्सऐवजी कापडी फलक, तारखेची पट्टी वेगळी. बालगंधर्व रंगमंदिरात रात्री साडेनऊऐवजी संध्याकाळचा प्रयोग घ्या आणि संभाजी उद्यान मेट्रो स्थानक जवळ आहे हे तिकिटावरच छापा.

एवढं झालं की संहिता काढा. त्यात हिमनग आणि पांढरी अस्वलं असतील तर ती बाजूला ठेवून आंबिल ओढ्याकाठी जा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तिथे पूर आला, तेव्हा काय झालं ते लोकांकडून ऐका. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे खरं. पण ओढ्याचं पात्र कोणी आवळलं, तेही विचारा. पहिला प्रयोग तिथल्याच एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावा. दोन एलईडी पुरतात, आणि टेम्पो लागत नाही.