गाडी गरम होते? रेडिएटर फॅनच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिन्यात पारगाव-खंडाळा सोडून खंबाटकी चढायला लागलं की कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच. दोन वर्षांपूर्वी त्यातली एक माझी होती. वर कुठेतरी ट्रक बंद पडलेला, रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती, एसी चालू, आणि तापमानाचा काटा मध्यावरून लाल पट्टीकडे निघालेला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीचा, फॅन गप्प.

मदतीला आलेल्या एका भल्या माणसाने रेडिएटरच्या झाकणावर फडका टाकला, तेव्हा मी त्याचा हातच धरला. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि त्याच क्षणी पाण्याची वाफ होऊन तोंडावर येते. वरचा होज पाइप हाताला गार लागून सहज दाबला जाईपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास जातो, जाऊ द्या. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतण्याची घाईही नको, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

आणखी एक फसवी गोष्ट. काटा लालपर्यंत जाऊन आपोआप खाली आला की लोक निश्चिंत होतात. सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं तापमान सांगतो. पाणीच संपलं असेल तर काटा खाली येतो आणि इंजिन मात्र भाजत राहतं.

काटा नुकताच चढू लागला असेल तर एसी बंद करून हीटर फुल लावा. उकाड्यात जीव नको होतो, पण इंजिनची बरीच उष्णता केबिनमधून निघून जाते. काटा लालवर गेला असेल तर मात्र गाडी लगेच बंद करा.

गॅरेजमध्ये गेल्यावर "गाडी हीट घेते" एवढंच सांगू नका, कधी घेते तेही सांगा. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि हायवेला वारा लागला की उतरतो, तर आधी फॅन बघायचा. हायवेलाच चढत असेल तर फॅनच्या मागे लागू नका, कारण त्या वेगाला वारा पुरेसा असतो. तिथे कमी कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव), चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप) किंवा वॉटर पंप तपासायचा.

फॅनची पहिली परीक्षा घरीच होते. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन फिरतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर नाही, तर मोटर बहुधा ठीक आहे आणि संशय तापमानाच्या सेन्सरवर जातो. दोन्ही वेळा बंद असेल तर क्रमाने फ्यूज, रिले (फॅनला करंट देणारा विजेवर चालणारा स्विच), वायरचा प्लग आणि शेवटी मोटर. रिलेसाठी सोपी युक्ती आहे: हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. हात घालताना मात्र जपा, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

मला पहिल्या गॅरेजने न तपासताच नवीन मोटर सुचवली होती. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने मोटरचा प्लग उपसून माझ्यासमोर धरला. एक पिन काळी ठिक्कर, भोवतीचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं. मोटरला बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरने करंट दिला, तर ती व्यवस्थित फिरली. प्लग बदलला, काम झालं. मोटर बदलून तोच जळका प्लग पुन्हा खोचला असता, तर पुढच्या घाटात मी परत कडेला उभा असतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे "साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो". म्हणजे सेन्सर वगळून सरळ वायर जोडायची; मग फॅन चावीबरोबर सुरू होतो आणि अखंड फिरतो. मोटर लवकर झिजते आणि मूळ बिघाड तसाच राहतो. "थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे लागत नाही" हे त्याचंच भावंड. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर इंजिनला तापू देतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं. बिघडला असेल तर नवीन बसवा.

गळती थांबवायला रेडिएटरात हळद टाकायचा जुना उपाय अजून चालतो. एखादं भोक बुजेलही, पण तीच हळद बारीक नळ्याही बुजवते. बोअरचं पाणीही तसंच, क्षार धरतं. कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा, आणि भरल्यावर हवा काढून घ्या.

हे सगळं ठीक असूनही पाणी कमी होत असेल, तर इंजिन गार असताना ऑइलचं झाकण उघडा. आत ताकासारखा पांढरट फेस दिसला किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलेलं असू शकतं. मग स्टार्टर मारू नका, टोइंग बोलवा.