विजेवर चालवायच्या जुन्या मोटारीसाठी लिथियम सेल निवडताना या चुका टाळा

जुनी पेट्रोल मोटार विजेवर चालवू पाहणारे बहुतेक जण सेलबद्दल पहिला प्रश्न विचारतात तो अँपिअर-तासांचा, म्हणजे साठवणक्षमतेचा, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. क्षमतेवरून गाडी किती किलोमीटर जाईल याचा अंदाज येतो. चार माणसे बसवून ती घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ चढेल की नाही, हे मात्र सेल किती प्रवाह देऊ शकतो यावर ठरते. मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरने चढावर ३०० अँपिअर ओढले, तर १०० अँपिअर-तासांच्या सेलवर ३सी, म्हणजे क्षमतेच्या आकड्याच्या तिप्पट, इतका भार पडतो, आणि सौरऊर्जा साठवण्यासाठी बनवलेले, म्हणूनच स्वस्त मिळणारे अनेक सेल सतत ०.५सी ते १सी एवढ्याच भारासाठी असतात. विक्रेता सांगतो तो आकडा बहुधा काही सेकंदांचा असतो. माहितीपत्रकात सतत द्यायचा प्रवाह वेगळा लिहिलेला असतो, तोच धरावा.

या चुकीचे लक्षण ठरलेले आहे. सपाट पाम बीच रस्त्यावर विनातक्रार धावणारी गाडी चढावर, मीटरवर ४० टक्के चार्ज दिसत असताना, एकाएकी बंद पडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते. सेलचा अंतर्गत रोध १ मिलिओहम असेल, तर ३०० अँपिअरला प्रत्येक सेलचा व्होल्टेज ०.३ व्होल्टने खाली येतो आणि त्यात ९० वॅट उष्णता निर्माण होते. २४ सेलच्या पॅकमध्ये ती दोन किलोवॅटच्या वर जाते. व्होल्टेज मर्यादेखाली गेला की बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट) पुरवठा तोडतो, आणि लोक उगाच बीएमएस बदलतात. त्याआधी भार असताना प्रत्येक सेलचा व्होल्टेज पाहावा: एकच सेल कोसळत असेल तर तो सेल किंवा त्याचा बसबारचा (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा) जोड सदोष आहे, सगळे सारखेच खाली येत असतील तर निवडच चुकलेली आहे.

रसायन आणि चार्जर यांची गल्लत त्याहून घातक ठरू शकते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) ४.२ व्होल्टला. २० एनएमसी सेलसाठीचा ८४ व्होल्टचा चार्जर २० एलएफपी सेलना जोडला, तर ७३ व्होल्टला थांबायला हवा तो पॅक मर्यादेपलीकडे भरत राहतो आणि सारी भिस्त एकट्या बीएमएसवर येते. ठाण्याच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी, वजन थोडे वाढले तरी, मी एलएफपीच पसंत करीन. त्याचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो, म्हणून चार्ज मोजायला केवळ व्होल्टमीटर पुरत नाही, शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजायला लावलेला रोधक) लागतो.

वापरलेले सेल नवे म्हणून विकले जातात. टर्मिनलवरच्या वेल्डिंगच्या खुणा, खरवडलेला क्यूआर कोड आणि फुगीर बाजू तपासाव्यात, आणि सगळे सेल एकाच तुकडीतले असून त्यांचा रोध जवळपास सारखा असल्याची मोजणी करूनच पैसे द्यावेत. पावसाळ्यासाठी पेटी जलरोधक हवी, हे वेगळे सांगायला नको.

सेल घेऊन झाल्यावर आरटीओचा विचार करणे ही सर्वांत महागडी चूक. विद्युत रूपांतरणासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे आणि मान्यता सुट्या सेलला नव्हे, तर मोटर, कंट्रोलर व बॅटरीसह संपूर्ण किटला मिळते. त्यामुळे मान्यताप्राप्त किटमध्ये आपल्या पसंतीचे सेल बसवले, तर ती मान्यता त्या पॅकला लागू राहत नाही, आणि नोंदणी व विमा दोन्ही अडतात.