घडीचा महागडा चाकू एका हाताने उघडायचा कसा, मिटायचा कसा, आणि मग वापरायचा कसा

चांगल्या कंपनीचा, टायटॅनियमच्या मुठीचा घडीचा चाकू पहिल्यांदा हातात आला की बहुतेकांची तक्रार एकच असते, की हा फार कडक आहे, अंगठ्याने उघडतच नाही, एवढे पैसे घालून हे काय. आणि मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं स्क्रू जरा ढिला कर, कोणी म्हणतं तेल सोड, कोणी म्हणतं मनगटाला झटका दे, कोणी म्हणतं पाचशे वेळा उघड-मिट कर म्हणजे आपोआप सैल होईल. हे चारही सल्ले मी इतक्या वेळा ऐकलेत की आता राग येतो, कारण यातला एकही मूळ कारणाला हात लावत नाही. चाकू कडक नसतो. तुमची बोटं चुकीच्या जागी असतात.

तयारीबद्दल फार काही सांगत नाही. पात्याच्या धारेवर कागदी चिकटपट्टी लावा, टेबलासमोर बसा, सुरुवातीला दोन्ही हातांनी पाच-दहा वेळा सावकाश उघडून मिटून बघा. हातातून सुटला तर झेलायचा नाही, पडू द्यायचा. आणि तुमच्याकडे कुठल्या लांबीचा, कुठल्या लॉकचा (म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या खटक्याचा) चाकू खिशात ठेवायला परवानगी आहे हे आधी बघून घ्या, विमानात हातातल्या बॅगेत तर नकोच.

आधी लॉक कुठलं आहे ते ओळखा

हे टाळू नका, कारण एका लॉकचा सल्ला दुसऱ्याला लावला की गोंधळ तिथेच होतो. बॅक लॉक म्हणजे मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका, बक कंपनीच्या ११० मॉडेलमुळे १९६४ पासून हा प्रकार घराघरात माहीत झाला. यात तुम्ही मूठ कशीही धरा, पात्यावरचा स्प्रिंगचा दाब बदलत नाही. म्हणून ज्यांची सवय अशा चाकूंवर झालीये ते लोक तुम्हाला मनापासून सल्ला देतात, पण तो तुमच्या चाकूला लागू नसतो. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आत पातळ धातूची पट्टी असते, जी चाकू उघडला की पात्याच्या बुडाखाली सरकून बसते. फ्रेम लॉकमध्ये, जे क्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूमुळे १९९० नंतर प्रसिद्ध झालं, ती वेगळी पट्टी नसतेच, मुठीचाच एक भाग लांब खाच पाडून मोकळा केलेला असतो आणि तोच लॉकचं काम करतो. आजच्या महागड्या चाकूंत हा प्रकार भरपूर दिसतो, आणि सगळी अडचण यातच आहे. अ‍ॅक्सिस लॉक (आडवी दांडी, दोन्ही बाजूंनी मागे ओढायची) आणि कॉम्प्रेशन लॉक (मुठीच्या पाठीकडून दाबायचं) हे दोन्ही नवशिक्याला सोपे जातात.

उघडणं: अडायला होतं ते इथेच

मलाही सुरुवातीला इथेच अडायला होत होतं, म्हणून नीट सांगतो.

मिटलेला चाकू खिशात आपोआप उघडू नये म्हणून लॉकच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अगदी छोटी गोळी बसवलेली असते, स्टीलची किंवा सिरॅमिकची, आणि पात्याच्या बुडाला तेवढाच एक खळगा असतो. मिटल्यावर गोळी खळग्यात बसते. याला डिटेंट म्हणतात. उघडताना अंगठ्याने जोर लावला की गोळी खळग्यातून बाहेर येते आणि पातं मोकळं होतं, पण बाहेर येताना ती लॉकच्या पट्टीला किंचित बाहेरच्या बाजूला ढकलते. म्हणजे पट्टीला हलायला जागा पाहिजे.

आता फ्रेम लॉकचा चाकू उजव्या हातात उघडण्यासाठी धरा आणि मागची बाजू बघा. तुमच्या मधल्या आणि अनामिका बोटांची टोकं कुठे आहेत? बरोबर त्या पट्टीवर. तुम्ही अंगठ्याने जितका जास्त जोर लावता तितकी ही बोटंही आपोआप आवळली जातात, पट्टी आत दाबली जाते, गोळी खळग्यात आणखी घट्ट बसते, आणि तुम्ही स्वतःच चाकू बंद धरून ठेवून उघडायचा प्रयत्न करत राहता. जोर वाढवला की अडचण वाढते, म्हणून अंगठा सोलवटला तरी काही होत नाही, आणि मग माणूस वैतागून स्क्रू ढिला करतो. स्क्रू ढिला केल्याने गोळीचा दाब तसाच राहतो, फक्त पातं डावीकडे-उजवीकडे हलायला लागतं. तेलाचंही तेच, बेअरिंग गुळगुळीत झाली तरी गोळी खळग्यातच असते.

विश्वास बसत नसेल तर एक परीक्षा करा. चाकू अशा रीतीने धरा की पट्टीला कुठलंच बोट लागणार नाही, आणि दुसऱ्या हाताने पातं हळूच बाहेर काढा, किती जोर लागला ते लक्षात ठेवा. मग एक बोट पट्टीवर मुद्दाम दाबून तेच परत करा. फरक हाताला लगेच कळतो, पुढे कोणाला विचारायची गरज पडत नाही.

उपाय असा: पट्टी वेगळी करणारी जी लांब खाच आहे ती शोधा. खाचेच्या एका बाजूला, म्हणजे पातं जिथून बाहेर पडतं त्या बाजूला, हलणारी पट्टी असते, आणि दुसऱ्या बाजूला, मुठीच्या पाठीकडे, न हलणारा भाग. बोटांची टोकं थोडी मागे घेऊन त्या न हलणाऱ्या भागावर ठेवायची. बोटं पूर्ण गुंडाळायची नाहीत, जवळजवळ सपाट ठेवायची, नाहीतर पात्याच्या वाटेतही येतात. चाकू पकडल्यासारखं वाटतच नाही, पडेल अशी भीती वाटते, हे सगळ्यांना वाटतं, पण मूठ तळहाताच्या वरच्या भागावर टेकलेली असते आणि तेवढं पुरतं. खिशाला अडकवायची जी क्लिप मुठीवर असते तिच्यावर बोटं टेकवा असंही सांगतात, ते बऱ्याच चाकूंत चालतं, पण काहींत क्लिपचं टोक थेट पट्टीवरच टेकलेलं असतं, तिथे क्लिप दाबली म्हणजे पट्टीच दाबली. आपल्या चाकूची क्लिप कुठे टेकते ते एकदा बघून घ्या.

बोटं जागेवर आली की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं अंगठ्याच्या दिशेत आहे. थंब स्टड, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेली छोटी खुंटी, किंवा स्पायडर्कोच्या चाकूंना १९८१ पासून असतं तसं गोल भोक, यावर अंगठा ठेवला की लोक वरच्या दिशेने, मुठीच्या लांबीला समांतर ढकलतात. पण वर तर पात्याचा स्क्रू आहे, ज्याभोवती पातं फिरतं. दाराला बिजागरीच्या दिशेने ढकललं तर दार उघडेल का? तसंच हे. सुरुवातीचा दाब मुठीपासून बाहेर, आडवा द्यायचा, गोळी सुटल्याचं बोटाला जाणवतं, आणि मग अंगठा कमानीसारखा फिरवत पातं शेवटपर्यंत न्यायचं. आधी सावकाश. वेगाने उघडायचं मनातून काढून टाका, सावकाश जमलं की वेग स्वतःहून येतो, आणि सावकाश उघडता येत नसेल तर झटक्याने उघडणं हे लपवाछपवीचं काम आहे, मनगटाचा झटका तर अजिबात नको, पातं त्याला थांबवणाऱ्या पिनवर दरवेळी आपटतं आणि चाकू हातातून उडण्याची शक्यता वेगळीच.

फ्लिपर असेल, म्हणजे मिटल्यावर मुठीच्या पाठीकडून बाहेर दिसणारा छोटा दांडा, तर तर्जनीने तो दाबायचा. बोटांचा नियम तोच, पट्टीवर बोट नको. फ्लिपरला मात्र सावकाश करून चालत नाही, दाब वाढवत न्यायचा आणि गोळी सुटली की पातं स्वतःच उघडतं.

डावखुऱ्यांसाठी: उजव्या हाताचा फ्रेम लॉक डाव्या हाताने उघडायला उलट सोपा जातो, मिटायला अवघड. शक्यतो दोन्ही हातांना सारखं चालणारं लॉक घ्या.

लॉक बसलं का ते बघणं

उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाखाली नीट सरकली आहे का ते डोळ्यांनी बघा, मग पात्याच्या पाठीवर अंगठ्याने हलका दाब द्या. बस. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासणारे लोक आहेत, तसं करू नका, त्याने लॉकच खराब होतं.

मिटणं

बोटं कापली जातात ती बहुतेक मिटताना. लायनर आणि फ्रेम लॉक दोन्हींत अंगठा पट्टी बाजूला सारतो तेव्हा तो पात्याच्या वाटेतच असतो, हे या लॉकचं स्वरूपच आहे. म्हणून क्रम पक्का करा. आधी बाकीची चारही बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला, मूठ दोन्ही अंगांनी धरलेली. मग अंगठ्याने पट्टी बाजूला सारा, तर्जनीने पात्याच्या पाठीला हलकं ढकला, पातं थोडंसंच खाली येऊ द्या, एवढंच की पट्टी परत अडकणार नाही. इथे थांबा. अंगठा बाहेर काढा. मग उरलेलं पातं मिटा.

हे "इथे थांबा" लोक गाळतात. पात्याच्या बुडाशी धार नसलेला थोडा भाग असतो आणि बऱ्याच चाकूंत तोच आधी अंगठ्यावर टेकतो, म्हणून नशिबाने काही होत नाही. पण काही चाकूंत धार अगदी बुडापर्यंत आणलेली असते, तिथे तीच सवय अंगठा कापते. चिकटपट्टी लावलेली असतानाच आपल्या चाकूत काय टेकतं ते बघून ठेवा. आणि बेअरिंगवर फिरणारं पातं लॉक सुटताक्षणी स्वतःच्या वजनाने खाली येतं, वॉशरवरचं (साध्या चकतीवर फिरणारं) बहुतेकदा तसं येत नाही, त्यामुळे चाकू बदलला की पहिले काही दिवस परत दोन हातांनी मिटा, कितीही सराव असला तरी. अ‍ॅक्सिस आणि कॉम्प्रेशन लॉकमध्ये बोटं वाटेत येत नाहीत, त्यामुळे तिथे एवढं जपावं लागत नाही. बॅक लॉकला मात्र तर्जनी खाली, पात्याच्या वाटेत, राहायची सवय सोडा.

सराव करताना चित्रपट बघत, बोलत बसून उघड-मिट करू नका. लक्ष गेलं की क्रम गेला.

वापर

कापताना शरीरापासून दूर, आणि दुसरा हात पात्याच्या रेषेत नको, हे माहीतच आहे. महागड्या पात्याबद्दल एकच गोष्ट निक्षून सांगतो: ते कापण्यासाठी आहे, उचकटण्यासाठी नाही. एम३९०, एस३५व्हीएन किंवा २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट, ही स्टील्स साधारण ६० एचआरसीच्या (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) आसपास कडक केलेली असतात, म्हणून धार टिकते, पण याच कडकपणामुळे टोक पिळलं तर वाकत नाही, तुटतं. डब्याचं झाकण, स्क्रू, खिळा, यासाठी साधं अवजार वापरा. पुठ्ठा, दोरी, पॅकिंगची पट्टी, फळ, लाकडाची ढलपी, यासाठी बिनधास्त काढा, कपाटात ठेवायला घेतलेला नाही. पुठ्ठ्याने धार लवकर जाते, यात चाकूचा दोष नाही.

दुसऱ्याला द्यायचा तर मिटून द्या.

देखभाल

आंबट फळ कापलं की धुवून, पुसून, कोरडा करून मिटा, कारण गंज न लागणारं स्टीलही डाग धरतं. पात्याच्या स्क्रूपाशी अधूनमधून तेलाचा एक थेंब, जास्त नको, कचरा चिकटतो. पूर्ण खोलायची घाई करू नका, बारीक टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू चुकीच्या पान्याने लगेच खराब होतात, आणि काही कंपन्या खोललेल्या चाकूची वॉरंटी देत नाहीत. टायटॅनियमची पट्टी पात्याला चिकटल्यासारखी वाटली, अंगठ्याने सारायला जड गेली, तर पट्टीच्या टोकावर, जिथे ती पात्याला टेकते तिथे, साध्या पेन्सिलीचं शिसं घासा. धार लावायला या कडक स्टील्सना साधा दगड पुरत नाही, हिऱ्याचा थर असलेली पट्टी घ्या, प्रत्येक बाजूला साधारण २० अंश, दोन्ही बाजूंना सारखे हात, आणि शेवटी चामड्यावर काही वेळा उलटं ओढलं की पुरे.