काचेच्या आत लिहिताना खोली मोजण्यात फसू नका

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं हमखास एकाच ठिकाणी चुकतात. फेम्टोसेकंद लेसरने (अतिसूक्ष्म काळाचे स्पंद सोडणारा लेसर) फ्यूज्ड सिलिकाच्या, म्हणजे शुद्ध सिलिकाच्या काचेच्या, आत वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी बारीक रेघ, लिहायचा असतो. पृष्ठभागावर फोकस साधला, नमुना लेन्सकडे 100 मायक्रॉन सरकवला, की वहीत खोलीही 100 च लिहून मोकळी होतात. पण या काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वळवते त्याचं माप) सुमारे 1.45 आहे. हवेतल्या साध्या लेन्सने फोकस प्रत्यक्षात 145 मायक्रॉनच्या आसपास जातो. 100 हवे असतील तर 69 च सरकवा. लेन्सचं न्यूमरिकल अॅपर्चर (ती किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते त्याचं माप) जास्त असेल तर फोकस याहूनही खोल जातो, म्हणून एक तुकडा कापून, कड पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघाच.

खोलवर रेघ शेपटीसारखी लांबट दिसू लागली, की पॉवर वाढवायचा मोह होतो. कृपा करून वाढवू नका, काच आतून तडकते. आधी लेन्सवरची करेक्शन कॉलर, म्हणजे काचेतल्या खोलीनुसार फोकस नीट करायची कडी, हळूहळू फिरवून पाहा.

आणि जुलैत एसीतली गार काच दमट पॅसेजमध्ये काढली की लगेच बाष्प धरतं. दहा मिनिटं थांबा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकाच दिशेने पुसा.