जीवॉस क्युरेटर व्हायचंय? आधी ॲलील नीट लिहायला शिका

कोणता जनुकीय फरक कोणत्या आजाराशी किंवा गुणधर्माशी निगडित आढळला, याची जगभरच्या शोधनिबंधांतून केलेली खुली नोंदवही म्हणजे जीवॉस कॅटलॉग. जीवॉस (जीडब्ल्यूएएस) म्हणजे संपूर्ण जीनोम धुंडाळून असे संबंध शोधणारा अभ्यास. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेने ती २००८ साली सुरू केली. २०१५पासून तिचा कारभार इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन इथल्या युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटमधून चालतो. नोंदी करणारे ते क्युरेटर. जेनेटिक्स किंवा बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एमएस्सी केलेल्यांना हे काम झेपतं. कोडिंग थोडं कमी आलं तर चालतं, पण तक्ता वाचण्यात कच्चं राहून चालत नाही.

पहिली चाळणी पात्रतेची. चिपवर (डीएनएतल्या ठरावीक जागा वाचणाऱ्या तबकडीवर) आधारलेल्या अभ्यासात संपूर्ण जीनोमभर पसरलेले एक लाखाहून जास्त व्हेरियंट, म्हणजे माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या डीएनएतल्या जागा, तपासलेले हवेत, आणि हा आकडा इम्प्युटेशनच्या, म्हणजे न मोजलेले व्हेरियंट संगणकाने अंदाजून भरण्याच्या, आधीचा धरायचा. नवशिक्यांची इथेच हमखास गफलत होते, कारण निबंधाच्या सारांशात इम्प्युटेशननंतरचा ‘८० लाख’ वगैरे आकडाच ठळक दिलेला असतो. निवडक जनुकांपुरता अभ्यास असेल तर तो बाहेर. पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसताना असा निकाल योगायोगाने मिळण्याची शक्यता) १×१०⁻⁵ पेक्षा कमी असलेले संबंध नोंदवले जातात. ५×१०⁻⁸ ही सर्वमान्य रेषा त्याहून कडक आहे: ०.०५ला साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्यांनी भागल्यावर ती येते. म्हणजे नोंद सापडली म्हणून संबंध पक्का ठरला, असं समजायचं नाही.

खरी कसोटी ॲलीलची, म्हणजे डीएनएतल्या एकाच जागी आढळणाऱ्या पर्यायी अक्षरांपैकी एकाची. एफटीओ जनुकातला आरएस९९३९६०९ हा व्हेरियंट घ्या. तिथे ‘ए’ किंवा ‘टी’ असतं. ‘ए’ ॲलील असेल तर लठ्ठपणाची शक्यता वाढते. २००७च्या मूळ निबंधात दर ‘ए’मागे ऑड्स रेशो (शक्यतेचं गुणोत्तर; १पेक्षा जास्त म्हणजे धोका जास्त) १.३१ होता. नोंदीत ‘ए’च्या जागी ‘टी’ पडलं की तोच आकडा लठ्ठपणापासून संरक्षण देणाऱ्या ॲलीलला धोकादायक ठरवतो. आता गोम अशी, की ए आणि टी एकमेकांचे पूरक, म्हणजे डीएनएच्या दोन पट्ट्यांवर समोरासमोर येणारे. एका गटाने डीएनएच्या एका पट्टीवरून वाचलं आणि दुसऱ्याने दुसरीवरून, तर ए-टीचं टी-ए होतं आणि नुसतं बघून काही कळत नाही. सी-जी जोडीचंही तेच. ए-जी जोडी उलट पट्टीवर टी-सी दिसते, त्यामुळे चूक लगेच पकडता येते. मग ॲलीलची वारंवारता (लोकांमध्ये ती किती टक्के आढळते) पडताळायची, पण युरोपीय वंशात हा ‘ए’ सुमारे ४० टक्के आहे. ५०च्या इतक्या जवळ वारंवारतेच्या भरवशावर राहू नये. त्याच फाइलीतल्या ए-जीसारख्या निःसंदिग्ध जोड्या कोणत्या पट्टीवर आहेत ते पाहायचं. त्यांतूनही उलगडा झाला नाही तर लेखकांना ईमेल करायचा. अंदाजाने भरण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवलेला बरा.

स्थानक्रमांकाचंही पथ्य आहे. हाच व्हेरियंट मानवी जीनोमच्या संदर्भ-नकाशाच्या जीआरसीएच३७ आवृत्तीत १६व्या गुणसूत्रावर ५३८२०५२७ला आहे आणि जीआरसीएच३८मध्ये ५३७८६६१५ला. फाइलीत आवृत्ती लिहिलेली नसेल तर दोन-चार ओळखीचे व्हेरियंट काढून ताडून पाहा.

नमुन्यांची संख्या मोजताना मूळ गट आणि पडताळणीचा गट वेगळे ठेवायचे. आजारी किती, निरोगी किती, हेही वेगळं. वंशाची माहिती निबंधात जितकी दिली असेल तितकीच लिहायची. भारतीय नमुने ‘दक्षिण आशियाई’ या मोठ्या गटात जातात, पण मूळ वर्णनही सोबत जपायचं. तुलनेसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या १००० जीनोम्स प्रकल्पात दक्षिण आशियाई गट पाचच आहेत: गुजराती, तेलुगू, पंजाबी, बंगाली आणि श्रीलंकेतले तमिळ. मराठी त्यात नाहीत.

गुणधर्माचं नाव ईएफओ या शब्दसंग्रहातल्या संज्ञेला जोडतात. ‘कंबर-नितंब गुणोत्तर’ आणि ‘बीएमआयसाठी समायोजित कंबर-नितंब गुणोत्तर’ हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत, एकात ढकलू नका. बीटा (दर ॲलीलमागे गुणधर्मात होणारा बदल) लिहिताना एकक हवंच. सेंटिमीटर की प्रमाणित विचलन, हे कळल्याशिवाय ०.०८ला अर्थ नाही.

फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. मार्च१, सेप्ट२ या जनुकांच्या नावांच्या तारखा होतात. या त्रासापायी २०२०मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने ती नावंच बदलून मार्चएफ१, सेप्टिन२ केली. पी-व्हॅल्यूच्या रकान्यात शून्य दिसलं तर तेही संशयास्पद. साधारण १०⁻³⁰⁸ पेक्षा लहान संख्या बऱ्याच प्रोग्रॅमना पेलत नाही, ती शून्य होते. अशा वेळी लेखकांकडून उणे लॉग मूल्य (पी-व्हॅल्यूच्या लॉगॅरिदमचं चिन्ह बदललेलं रूप) मागवून घ्यायचं.

एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं, ही पद्धत कंटाळवाणी वाटली तरी मोडू नये. स्वतःच्या हातची उलटी ॲलील स्वतःला दिसत नाही. प्रसिद्ध झालेली नोंद चुकली तर ती दुरुस्त करायची, पण कॅटलॉगने अभ्यासाला दिलेला ‘जीसीएसटी’ ओळख-क्रमांक दुसऱ्या अभ्यासाला कधीच द्यायचा नाही, कारण लोकांच्या विश्लेषणात तो क्रमांक आधीच जाऊन बसलेला असतो.

सरावासाठी कॅटलॉगमधला एखादा अभ्यास निवडा. त्यांची नोंद न बघता मूळ निबंधावरून व्हेरियंट, ॲलील, वारंवारता, परिणाम, नमुने भरा आणि मग ताडून पाहा. फरक आढळला तर आधी पुरवणी तक्त्यांच्या तळटीपा वाचा, ॲलील कोणती मोजली आहे ते बहुधा तिथेच दडलेलं असतं. तरीही जुळत नसेल तर त्यांच्या मदतकक्षाला कळवा: पबमेड (वैद्यकीय शोधनिबंधांची सूची) क्रमांक, तक्ता, ओळ, त्यांचं मूल्य, तुमचं मूल्य.